कुंडीच्या आधीची जमीन

होटगी म्हटलं की आपल्यापुढे रेल्वे जंक्शन येतं, तलाव येतो, मठ येतो, आणि काळी जमीन येते. ज्युनिपर काही येत नाही. ते स्वाभाविकच आहे. हे थंड मुलखातलं झाड. आपल्या देशात त्याच्या रानटी जाती हिमालयात आढळतात. आयुर्वेदातली हपुषा म्हणजे याच झाडाचं फळ. आपल्या बागेतली मोरपंखी त्याच्याच कुळातली. पण आज मला बोलायचंय ते बोन्सायसाठी हे झाड जमिनीत वाढवण्याच्या इतिहासाबद्दल. त्या इतिहासात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे.

बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवून खुजं करणं, असा आपल्याकडे समज आहे. तो बरोबर नाही. ही कला मूळची चीनची. इ. स. ७०६ मध्ये बांधलेल्या तांग राजपुत्र झांगहुआई याच्या थडग्यातल्या भित्तिचित्रात सेवक तबकात छोटी झाडं घेऊन उभे आहेत. पुढे जपानने ती आपलीशी केली. तिथे ज्युनिपरच्या एका जातीला 'शिम्पाकू' म्हणतात. ती डोंगरकड्यांवर, वारा आणि बर्फ सोसत शेकडो वर्षं जगते. तिचा बराच भाग वाळून पांढरा पडतो आणि सालीची एखादी पट्टी काय ती जिवंत राहते. मरण आणि जगणं एकाच खोडावर! रसिक त्यावर लुब्ध झाले, यात नवल नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या झाडांना मोठी मागणी आली. शिकोकूच्या डोंगरांतून आणि नंतर इतोइगावाच्या चुनखडीच्या कड्यांवरून माणसं दोराला लोंबकळून झाडं काढू लागली. काहींचे त्यात प्राण गेले. आणि काही दशकांत कडे जवळपास रिकामे झाले. तीनशे वर्षांचं झाड एका दुपारी निघतं, पण त्याच्या जागी दुसरं यायला पुन्हा तीनशे वर्षं लागतात. हा हिशेब कोणी मांडलाच नाही.

दरम्यान १९२३ च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झालं. तिथले बोन्साय उत्पादक मोकळी जागा आणि चांगलं पाणी शोधत ओमियाला गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी तिथे वसाहत केली. तिचे नियम मोठे गमतीचे होते: घरात किमान १० बोन्साय हवेत, दार सर्वांसाठी उघडं हवं, कुंपण झाडांचं हवं, दुमजली घर नको. कला टिकायची तर तिला जागा, पाणी आणि शेजार लागतो, हे या लोकांनी ओळखलं होतं.

डोंगर रिकामे झाल्यावर मार्ग उरला तो छाटकलमाचा. आज बाजारात येणारे बहुतेक शिम्पाकू असेच तयार झालेले असतात. रीत साधी आहे. मूळ धरलेलं कलम वाफ्यात लावायचं. खोड कोवळं आहे तोवर तार गुंडाळून त्याला वळण द्यायचं आणि तार सालीत रुतायच्या आत काढायची. मग पाच-दहा वर्षं वाढू द्यायचं. खालची एखादी फांदी मुद्दाम मोकळी सोडायची. ती खोड जाड करते, आणि तिचं काम झालं की ती कापायची. दर दोन-तीन वर्षांनी मुळं छाटायची, म्हणजे ती खोडाजवळ राहतात. कुंडी येते ती सगळ्यांत शेवटी. कुंडीत खोड जाड होणं फार मंदावतं. मुळांना पसरायला जमीन आणि पानांना ऊन मिळालं तरच खोड भरतं. म्हणजे लहानपणाच्या आधी झाडाला मोकळेपण द्यावं लागतं. हे लक्षात ठेवा.

आता आपल्याकडे बघा. होटगीच्या जमिनीत चुनखडी आहे. तिची फार भीती नको, इतोइगावाचे कडेही चुन्याचेच. अडचण आहे ती पाण्याची. काळी माती पावसात चिकट होते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ज्युनिपरच्या मुळांना साचलेलं पाणी चालत नाही. म्हणून वाफा उंच करायचा, मातीत भरड मुरूम मिसळायचा आणि रोपाखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवायचा, म्हणजे मुळं आडवी पसरतील. एप्रिल-मेमध्ये रोपांवर सावलीची जाळी हवी. आणखी एक: फांदीवरचा सगळा हिरवा भाग कधी काढू नका. उघड्या लाकडातून ज्युनिपर सहसा पुन्हा फुटत नाही.

आता तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाचा प्रश्न. दहा वर्षांच्या झाडाची साल सोलून, लाकूड कोरून त्याला तीनशे वर्षांचं रूप द्यायचं, हे खोटेपण नाही का? मला तसं वाटत नाही. नटाने म्हाताऱ्याची भूमिका केली तर आपण त्याला खोटारडा म्हणत नाही. वय चोरलं, तर मात्र प्रश्न येतो. कड्यावरून उपटलेल्या झाडाचं वय खरं असतं, पण ते मालकाने कमावलेलं नसतं. वाफ्यातल्या झाडाची दहा वर्षं थोडी असली तरी ती माळ्याची स्वतःची असतात.

आपल्याकडे ज्युनिपरचे कडे नाहीत, पण सह्याद्रीच्या कातळावर वड आहेत, उंबर आहेत. ते उपटून कुंडीत आणण्याचा मोह आपल्यालाही होतो. जपानने डोंगर गमावल्यावर जो धडा घेतला, तो आपण डोंगर शाबूत असतानाच घेऊ शकतो. त्यासाठी एक वाफा, एक कलम आणि दहा पावसाळे वाट बघण्याची तयारी पुरेशी आहे.