पत्ता न कळवलेला लाभांश

आज लढाई नाही. आज माझ्या काळ्या ट्रंकेतल्या एका पाकिटाचा इतिहास.

१९९५ साली, मेजर असताना, मी एका खासगी बँकेचे शंभर शेअर घेतले. मग बदल्यांमागून बदल्या, शेवटी चंडीमंदिर. निवृत्तीनंतर चंडीगडलाच घर केलं. बँकेला नवा पत्ता एकदाही कळवला नाही. लाभांशाची वॉरंटं जुन्या युनिटकडे जात राहिली. चूक सर्वस्वी माझी.

पेन्शनची आणि लाभांशाची तऱ्हा वेगळी. पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते. लाभांशाची संचालक मंडळ शिफारस करतं, वार्षिक सभा तो मंजूर करते, आणि मिळतो तो 'रेकॉर्ड डेट'ला ज्याचं नाव नोंदवहीत आहे त्यालाच. आता सौदा दुसऱ्या दिवशी पुरा होतो, म्हणून त्या तारखेच्या निदान एक कामकाजाचा दिवस आधी शेअर घेतलेला हवा. मंजुरीनंतर तीस दिवसांत पैसे द्यायचे. उशीर केला तर कंपनीला १८ टक्के व्याज. बँकांवर वर रिझर्व्ह बँकेचा हात असतोच; १७ एप्रिल २०२० ला, कोविडच्या धास्तीत, तिने त्या वर्षाच्या नफ्यातून लाभांश द्यायलाच मनाई केली.

आणि कोणी पैसे उचललेच नाहीत तर? इथे खरा इतिहास आहे.

१९७४ च्या दुरुस्तीने असा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा, तीन वर्षांनी केंद्र सरकारकडे भरायचा, असं ठरलं. तिथून मालकाला तो मागता येई. १९९९ मध्ये मुदत सात वर्षांची झाली आणि 'गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी' आला. पण त्या निधीवर कुणाचाही दावा चालणार नाही, असंही कायद्यात लिहिलं! संरक्षण कोणाचं, मालकापासून निधीचं? १९९७ सालचा माझा लाभांश याच काळात तिकडे गेला.

२०१३ च्या कंपनी कायद्याने ते दार उघडलं. प्रत्यक्षात ७ सप्टेंबर २०१६ पासून. जुने पैसेही मागता येऊ लागले. मात्र सलग सात वर्षं लाभांश न घेतल्यास आता शेअरसुद्धा निधीकडे जातात. माझे गेले.

सेक्टर १७ च्या बँक स्क्वेअरमध्ये खेटे घालून जुन्या सहीची पडताळणी करून घेतली, डीमॅट खातं उघडलं, आयईपीएफ-५ अर्ज ऑनलाइन भरला आणि कागद बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे धाडले. बरेच महिने लागले, पण शेअर परत आले.

हे मी कट्ट्यावर सांगितलं, तर पुढच्याच आठवड्यात आमच्या युनिटमधल्या एका दिवंगत सुभेदारांच्या पत्नी फाइल घेऊन आल्या. "साहेब, हे रद्दी तर नाही ना?" आत तीन वॉरंटं निघाली. सगळ्यात जुनं २००९ सालचं.