मुंबईत दोघांनी भेटायचं कुठे? समुद्र, नाटक, लेणी, इराणी चहा आणि जोडप्यांचे हक्क

एकाचं घर विरारला, दुसरीचं डोंबिवलीला. एकाचं ऑफिस अंधेरीत, दुसरीचं फोर्टात. दोघांच्याही घरी दोन खोल्या आणि पाच माणसं. आठवड्यात मिळून हाती लागतात ते रविवारचे चार तास. मग भेटायचं कुठे?

मुंबईतल्या जोडप्यांचा हा जुना प्रश्न आहे आणि तो फक्त लग्नाआधीचा नाही. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या नवरा-बायकोलाही मोकळेपणाने बोलायला घराबाहेरच पडावं लागतं. 'डेट' म्हटलं की महागडं हॉटेल, फुलं, मेणबत्त्या असं चित्र रील्समध्ये दिसतं. पण या शहरात खरी चणचण एकांताची आहे, आणि तो पैसे न मोजताही मिळू शकतो. कुठे, कधी आणि कसा, ते पाहूया. शेवटी कायद्याबद्दलही बोलू, कारण हातात हात घेऊन बसलेल्या कित्येकांच्या मनात ती एक भीती असतेच.

आधी मधलं स्टेशन ठरवा

जागा निवडण्याआधी प्रवासाचा हिशेब करा. एकाने दीड तास धक्के खात यायचं आणि दुसऱ्याने दहा मिनिटांत पोहोचायचं, असं दर वेळी झालं की भेटीआधीच चिडचिड होते.

पश्चिम आणि मध्य रेल्वेवर राहणाऱ्या दोघांसाठी दादर सोयीचं. इथे दोन्ही मार्ग एकत्र येतात, आणि शिवाजी पार्क, चौपाटी, नाट्यगृह, खाण्याची ठिकाणं सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायला तिकीट लागत नाही. मैदानाची एक फेरी एक किलोमीटरहून थोडी जास्त भरते, म्हणजे तीन फेऱ्यांत बरंच बोलून होतं. जवळच चैत्यभूमीपाशी समुद्रावर बांधलेला माता रमाबाई आंबेडकर स्मृती व्ह्यूइंग डेक आहे. तिथून वांद्रे-वरळी सागरी सेतू समोर दिसतो.

हार्बर आणि मध्य रेल्वेसाठी कुर्ला हे मधलं स्टेशन आहे, पण तिथे उतरून फिरण्यासारखं फारसं नाही. त्यापेक्षा दोघांनी तिथून एकाच गाडीत बसून सीएसएमटी गाठणं बरं.

समुद्र: फुकट, पण वेळ बघून

मरीन ड्राइव्हचा कठडा म्हणजे मुंबईतल्या जोडप्यांची सामाईक बैठकीची खोली. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत साधारण साडेतीन किलोमीटरचा हा किनारा. इथे सगळे समुद्राकडे तोंड करून बसतात, म्हणून एवढ्या गर्दीतही कोणाचं तुमच्याकडे लक्ष नसतं.

पाठीमागच्या इमारतींकडेही एकदा वळून बघा. गोलाकार बाल्कन्या आणि आडव्या पट्ट्यांची ही आर्ट डेको शैली. मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. ओव्हल मैदान मध्ये धरून चाललात तर एका बाजूला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको, असे दोन काळ समोरासमोर दिसतात.

गर्दी नको असेल तर सकाळी सहा-सात वाजता या. संध्याकाळची मरीन ड्राइव्ह आणि सकाळची मरीन ड्राइव्ह ही दोन वेगळी ठिकाणं वाटतात.

अलीकडे दोन नव्या जागांची भर पडली आहे. कोस्टल रोडलगतचा समुद्राकाठचा पादचारी मार्ग ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला. मलबार हिलवर झाडांच्या उंचीवरून चालत नेणारा निसर्ग उन्नत मार्ग मार्च २०२५ मध्ये सुरू झाला. त्याचं तिकीट स्वस्त आहे, पण ऑनलाइन नोंदणी करून मगच निघा.

वांद्र्याला बॅण्डस्टँडच्या टोकाशी पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेला किल्ला आहे. सूर्यास्त इथून छान दिसतो. खडकांवर मात्र उतरू नका. बॅण्डस्टँडला सेल्फी काढताना झालेल्या दुर्घटनेनंतर २०१६ साली मुंबई पोलिसांनी शहरातल्या अनेक जागा 'नो सेल्फी झोन' ठरवल्या होत्या. भरती चढायला लागली की ओला खडक पायाखालून निसटतो.

नाटक: दोन तास अंधार, मग तासभर गप्पा

सिनेमा कुठेही बघता येतो. मराठी नाटकाचा आठवडाभराचा एवढा भरगच्च कार्यक्रम मात्र मुंबई-पुण्यासारख्या मोजक्याच शहरांत मिळतो. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, विलेपार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी रंगायतन, यांपैकी एखादं तुमच्या घराजवळ असेलच. शनिवार-रविवारी दुपारचा आणि रात्रीचा असे प्रयोग असतात. दुपारचा प्रयोग घेतला तर शेवटच्या गाडीची काळजी राहत नाही.

पहिल्या-दुसऱ्या भेटीसाठी नाटक विशेष उपयोगी पडतं. काय बोलावं हे सुचत नसेल तर प्रश्न सुटतो, कारण मध्यंतरात बटाटेवडा खाताना विषय आयता मिळतो. एखाद्या प्रसंगावर समोरची व्यक्ती हसते की गप्प होते, यावरूनही बरंच कळतं.

जुहूचं पृथ्वी थिएटर शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी १९७८ साली सुरू केलं. प्रेक्षागृह छोटं असल्याने शेवटच्या रांगेतूनही नटाच्या चेहऱ्यावरची रेष दिसते. उशीर झाला तर मात्र आत सोडत नाहीत. बाहेरच्या कॅफेत नाटकाचं तिकीट नसतानाही बसता येतं.

संग्रहालय: उन्हातून सुटका आणि निवांत चाल

एप्रिल-मे मध्ये दुपारी समुद्रावर बसणं ही शिक्षाच. अशा वेळी काळा घोडा परिसर धरा. १९२२ पासून लोकांसाठी खुलं असलेलं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, त्याला लागूनच १९५२ पासूनची जहांगीर कलादालन आणि रस्त्यापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. यातल्या जहांगीरमध्ये प्रवेश मोफत आहे. चित्रातलं काही कळत नाही म्हणून बिचकू नका. 'यातलं कोणतं चित्र घरात लावशील?' एवढा एक प्रश्न विचारला तरी दुपार सरते.

भायखळ्याला राणीबाग आणि तिच्या दाराशीच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये सुरू झालेलं हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. जुन्या मुंबईतली माणसं, त्यांचे पोशाख, व्यवसाय यांच्या छोट्या मातीच्या प्रतिकृती इथे आहेत. बाहेर आलात की बागेतली जुनी झाडं आणि पेंग्विन.

दिवसभर वेळ असेल तर

*कान्हेरी लेणी.* बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेली शंभराहून अधिक बौद्ध लेणी. भिक्षूंची झोपायची दगडी बाकं आणि पावसाचं पाणी साठवायच्या पोढी अजून दिसतात. मुख्य दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. बस मिळते, भाड्याने सायकलही मिळते. सायकलने जाणार असाल तर शेवटच्या चढावर उतरून ढकलायची तयारी ठेवा. लेण्यांचं तिकीट उद्यानाच्या तिकिटाहून वेगळं असतं. पाणी सोबत घ्या आणि माकडांसमोर खाऊ काढू नका.

*घारापुरी.* गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने साधारण तासाभराचा प्रवास. बहुतेक जण त्रिमूर्तीचा फोटो काढतात आणि परततात. जोडीने गेलात तर थोडं थांबून इतर शिल्पंही शोधा. एका पटात शिव-पार्वतीचा विवाह आहे, पार्वतीचा हात शिवाच्या हातात दिला जातोय तो क्षण. दुसऱ्यात अर्धनारीश्वर. तिसऱ्या पटात दोघं कैलासावर सारीपाट खेळत बसले आहेत, असं अभ्यासक सांगतात. जेवणाचा डबा घरून नेला तर खर्च लाँच आणि तिकिटापुरताच.

*ठाणे खाडीतले फ्लेमिंगो.* हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने पक्षी बघता येतात. फेऱ्यांच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, त्यामुळे आधी नोंदणी करा.

खायचं कुठे, बसायचं कुठे

हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि इथेच अनेकांची गल्लत होते. दादरच्या 'प्रकाश'मधला साबुदाणा वडा आणि पियूष, माटुंग्याच्या 'कॅफे मद्रास'मधला डोसा, दोन्ही अप्रतिम. पण रविवारी सकाळी तुमच्या खुर्चीमागे पुढचं गिऱ्हाईक उभं असतं. तिथे मनातलं बोलायला जाऊ नका. आधी पोटभर खा, मग चालायला निघा. माटुंग्यात फाइव्ह गार्डन्स जवळच आहे.

बसायचं असेल तर इराणी हॉटेल, तेही दुपारी तीन-चारच्या सुमारास. धोबीतलावचं 'कयानी' १९०४ पासून आहे. बन मस्का, चहा आणि मावा केक. दोघांचं बिल एखाद्या साखळी कॅफेतल्या एका कॉफीच्या आसपास येतं.

बिलाचं म्हणाल तर आधीच बोलून घ्या. 'या वेळी मी, पुढच्या वेळी तू' हे सगळ्यात सोपं. त्यात पुढची भेट आपोआप ठरते.

पावसाळ्यात काय?

पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी मरीन ड्राइव्ह लांबूनच बघा. भरतीच्या वेळा महापालिका जाहीर करते. एनसीपीए ते सीएसएमटी ११५ क्रमांकाच्या दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली, तर काही रुपयांत दक्षिण मुंबई पाहून होते. बस वातानुकूलित आहे, त्यामुळे भिजायचं कामच नाही. धो धो पावसात लोकल कधी थांबेल सांगता येत नाही. म्हणून अशा दिवशी घराच्या जवळचीच जागा निवडा.

पोलिसांनी हटकलं तर?

आता त्या भीतीबद्दल. ती उगाच आलेली नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि ४० हून अधिक जोडप्यांना पकडलं. त्यात सज्ञान, स्वतःच्या मर्जीने आलेली माणसं होती. जोरदार टीका झाल्यावर पोलीस आयुक्तांना चौकशीचे आदेश द्यावे लागले. २०२१ मध्ये बोरिवलीतल्या रहिवाशांनी सोसायटीसमोरच्या रस्त्यावर 'नो किसिंग झोन' असं रंगवलं. टाळेबंदीच्या त्या काळात जोडप्यांना जायला दुसरी जागाच उरली नव्हती, हेही तितकंच खरं.

कायदा काय सांगतो, ते थोडक्यात:

- दोन सज्ञान व्यक्तींनी सोबत फिरणं, हात धरणं, शेजारी बसणं हा गुन्हा नाही. त्यासाठी लग्नाचा दाखला किंवा पालकांची परवानगी लागत नाही.
- भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ सार्वजनिक ठिकाणच्या 'अश्लील' आणि इतरांना त्रास होईल अशा कृत्याबद्दल आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११० असभ्य वर्तनाबद्दल आहे. त्याचा दंड १,२०० रुपयांपर्यंत असू शकतो. २०१५ मध्ये हेच कलम लावलं गेलं होतं. 'असभ्य' म्हणजे नेमकं काय, हे मोघम आहे आणि वाद तिथेच होतो.
- अविवाहित सज्ञान जोडप्याने हॉटेलात खोली घेऊ नये, असा कोणताही कायदा नाही. हॉटेल ओळखपत्र मागू शकतं. ते दोघांनीही जवळ ठेवा.
- सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी महिलेला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते.
- नैतिकतेची राखण करणं हे पोलिसांचं काम नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका प्रकरणात म्हटलं आहे.

कोणी हटकलं तर वाद वाढवू नका, पण घाबरून पैसेही काढू नका. शांतपणे नाव आणि पोलीस ठाणं विचारा. 'दंड' मागितला तर कलम आणि पावती मागा. पावतीशिवाय घेतलेले पैसे म्हणजे दंड नव्हे. 'घरी फोन लावतो' या धमकीसमोर 'आम्ही सज्ञान आहोत' एवढं सांगणं पुरेसं आहे. गणवेशात नसलेलं कोणी त्रास देत असेल तर ११२ वर फोन करा.

ऑनलाइन ओळखीतून पहिल्यांदाच भेटत असाल तर

पहिली भेट दिवसा आणि वर्दळीच्या जागी ठेवा. कुठे आणि कोणाला भेटतोय हे एका मैत्रिणीला किंवा मित्राला सांगा, लोकेशन पाठवून ठेवा. हॉटेल समोरच्यानेच ठरवलं असेल आणि मेनूवर दर नसतील तर उठून या. परतीचा प्रवास स्वतःच्या हातात ठेवा. रात्री साधारण एकपासून पहाटे चारपर्यंत लोकल बंद असते.

निघण्याआधी एक नजर

- सोमवारी बंद: घारापुरी, राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय.
- बुधवारी बंद: राणीबाग, भाऊ दाजी लाड संग्रहालय.
- जवळपास फुकट: मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क, दादरचा व्ह्यूइंग डेक, वांद्रे किल्ला, जहांगीर.
- आधी तिकीट किंवा नोंदणी हवी: नाटक, मलबार हिलचा उन्नत मार्ग, फ्लेमिंगो सफर.

वेळा आणि दर बदलत राहतात, म्हणून त्या दिवशी सकाळी एकदा तपासून घ्या. आणि हा लेख ज्याच्यासोबत जायचंय त्यालाच पाठवा. जागा कोणी निवडायची, यावरचा वाद तरी वाचेल.