वयोवृद्ध गायक आणि श्रोत्यांचा हक्क

रत्नागिरीसारख्या गांवीं एखाद्या नाणावलेल्या, वयोवृद्ध गायकाची मैफल झाली म्हणजे गाणें संपतें, पण वाद संपत नाहीं. थिबा राजवाड्याच्या आवारांतील संगीतमहोत्सव असो, किंवा सावरकर नाट्यगृहांतील नाट्यपदांचा कार्यक्रम असो, परतीच्या वाटेवर श्रोत्यांत पक्ष हे पडावयाचेच. एक म्हणतो, बुवांनीं आपलें गाजलेलें पद म्हटलेंच नाहीं. मग आम्हीं यावें तरी कशाला? दुसरा म्हणतो, तेंच तें किती वर्षें ऐकावयाचें? नवें कांहीं काढलें हेंच उत्तम झालें. तिसरा एखादा हळूच पुस्ती जोडतो कीं, पद म्हटलें असतें तरी काय उपयोग? चाल बदललेली, आणि आवाज कांहीं पूर्वींचा राहिलेला नाहीं. हा वाद वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्या पोटांत एक जुना व महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. गायकानें काय गावें व कसें गावें, हें ठरविण्याचा हक्क कोणाचा? मराठी रंगभूमीनें ह्या प्रश्नाचा निकाल आपल्यापुरता एका विशिष्ट रीतीनें लावला होता. त्या इतिहासाकडे नजर टाकल्यास आजच्या वादावर थोडाबहुत प्रकाश पडेल, अशी आमची समजूत आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चा पहिला प्रयोग पुण्यास 31 ऑक्टोबर 1880 रोजीं झाला, आणि दोन वर्षांनीं, 1882 सालीं, 'सौभद्र' रंगभूमीवर आलें. ह्या नाटकांत पदांची नुसती रेलचेल होती. 'शाकुंतलां'तील पदांची संख्या दोनशेंच्या घरांत जाते. प्रेक्षकांस कथानक पाठ असे. तेव्हां पुढें काय होणार ह्याची उत्कंठा नसून, अमुक पद आज कसें रंगतें हीच उत्कंठा असे. ह्या वृत्तींतूनच 'वन्समोअर'ची प्रथा बळावली. शब्द इंग्रजी खरा. पण मौज अशी कीं, खुद्द इंग्रज प्रेक्षक अशा वेळीं 'आंकोर' हा फ्रेंच शब्द वापरतात, आणि फ्रेंच लोक 'बिस' असें लॅटिनमध्यें ओरडतात! आमच्या लोकांनीं मात्र 'वन्समोअर' हा शब्द असा कांहीं घरचा करून टाकला कीं, इंग्रजीचा गंध नसलेला गृहस्थही तो बिनचूक उच्चारीत असे. ही आरोळी उठली म्हणजे कथानक जागच्या जागीं थांबे, विंगेंत गेलेलें पात्र परत येई, आणि पद पुन्हा सुरू होई. नाटकें रात्रभर चालत त्याचें हें एक मोठेंच कारण होय.

असा हक्क बजावणारे श्रोते केवळ आमच्याकडेच होते असें मात्र नाहीं. 1786 सालीं व्हिएन्ना येथें मोझार्टच्या 'फिगारो' ह्या संगीतनाटकांत पुनरावृत्तीची मागणी इतकी होऊं लागली कीं, एकाहून अधिक गायकांचीं पदें पुन्हा म्हणूं नयेत असा हुकूम सम्राट् दुसऱ्या जोसेफास काढावा लागला. 1903 सालीं मिलान येथें तोस्कानिनी ह्या विख्यात संगीतसंचालकानें श्रोत्यांच्या अशाच हट्टास कंटाळून प्रयोग अर्ध्यावर सोडला, आणि पुढें कांहीं वर्षें त्या नाट्यगृहाचें तोंड पाहिलें नाहीं. आमच्याकडे ना असा सम्राट् झाला, ना असा तोस्कानिनी. गाण्याची निवड तिकीट काढून बसलेल्या श्रोत्याच्या हातीं राहिली, ती राहिलीच.

ह्या प्रथेनें नाट्याचें नुकसान केलें, असें टीकाकार म्हणत आले आहेत, आणि तें खोटें नाहीं. परंतु तिनें गाण्याचें काय केलें, ह्याचाही विचार झाला पाहिजे. 'मानापमान' 12 मार्च 1911 रोजीं रंगभूमीवर आलें. 'स्वयंवर' 1916 च्या डिसेंबरांत आलें. पहिल्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, दुसऱ्याच्या भास्करबुवा बखल्यांच्या. ह्या चाली रागदारीच्या भक्कम पायावर उभारलेल्या असल्यामुळें त्यांत विस्तारास जागा होती, आणि ती जागा दाखवून देण्याचें काम वन्समोअरनें केलें. बालगंधर्व पद दुसऱ्यानें म्हणत तेव्हां तें पहिल्याची नक्कल नसे. शब्द तेच, पण जागा निराळ्या, लय खेळविण्याची तऱ्हा निराळी. साथीला तबल्यावर थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष असले कलावंत असत. मग पद वाढत जाऊन त्याची मैफल व्हावी ह्यांत नवल तें काय? श्रोता 'पुन्हा तेंच' मागे. गायक त्यास 'तेंच, पण निराळें' देई. मागणारा आणि देणारा ह्यांच्यामधील हा अलिखित करार होता, आणि त्यावरच मराठी नाट्यसंगीत पोसलें, असें आम्हांस वाटतें.

आतां वार्धक्याकडे वळूं. आमच्या रंगभूमीवरील थोर गायकांच्या नशिबीं म्हातारपण फारसें आलेंच नाहीं. भाऊराव कोल्हटकर 1901 सालीं वयाच्या अडतिसाव्या वर्षीं वारले. केशवराव भोसल्यांनीं 8 जुलै 1921 रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं झालेल्या संयुक्त 'मानापमानां'त बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर उभा केला, आणि अवघ्या तीन महिन्यांनीं, 4 ऑक्टोबर रोजीं, त्यांचें निधन झालें, वय एकतीस. सावरकरांनीं रत्नागिरीच्या स्थानबद्धतेंत असतां लिहिलेलें 'संन्यस्त खड्ग' 1931 सालीं ज्यांच्या बलवंत संगीत मंडळीनें रंगभूमीवर आणलें, ते मास्टर दीनानाथ 1942 सालीं एकेचाळिसाव्या वर्षींच गेले. ह्या सर्वांचा आवाज लोकांच्या स्मृतींत तरुणच राहिला. त्यांचें गाणें उतरलें काय, हा वाद घालण्याची पाळीच श्रोत्यांवर आली नाहीं.

ती पाळी आणली बालगंधर्वांनीं. जन्म 1888, रंगभूमीवर पदार्पण 1905, मृत्यु 1967. साठीच्या आसपास पोंचल्यावरही ते भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू ह्याच भूमिका करीत, आणि श्रोते त्यांच्याकडून तींच पदें मागत. कित्येकांना त्या गाण्यांत पूर्वींचें सारें वैभव दिसे. कित्येकांना तें पाहवत नसे. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते. एक कानांनीं ऐकत होता, दुसरा स्मृतीनें. इतकाच काय तो फरक. ह्या ठिकाणीं भाऊराव कोल्हटकरांचें उदाहरण मनन करण्याजोगें आहे. शकुंतला व सुभद्रा म्हणून महाराष्ट्रास वेड लावणाऱ्या ह्या नटानें वय होतांच स्त्रीभूमिका सोडल्या, आणि 1899 च्या 'शारदें'त तो कोदंड झाला. भूमिकेस वय असतें. पदास तें नसतें. बालगंधर्वांच्या उत्तरकाळीं खटकली ती भूमिका. पद मात्र अखेरपर्यंत अर्थानें भरत गेलें, असें आमचें मत आहे.

इकडे काळानें वन्समोअरचाच पाया काढून घेतला. 1932 सालीं 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला. पडद्यावरील नट कितीही आरोळ्या दिल्या तरी मागें वळत नाहीं. 1933 सालीं 'नाट्यमन्वंतर' संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' केली, तींत गाणीं मोजकींच होतीं. आणि सर्वांत खोल परिणाम केला तो ध्वनिमुद्रिकेनें. जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मावत. अर्ध्या तासाचें पद तींत कोंबावयाचें म्हणजे विस्तार सारा कापावा लागे. रत्नागिरीस तर रेल्वे पोंचली ती विसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस. घाट नाहीं तर समुद्र ओलांडून मोठ्या मंडळीनें बिऱ्हाड हलवावें, हा योग वारंवार कोठून येणार? तेव्हां येथील कित्येक घरांत तबकडी हेंच नाट्यगृह झालें. तबकडी कितीही वेळां लावा, ती अक्षरशः तेंच म्हणते. आणि हळूहळू श्रोताही गायकाकडून अक्षरशः तेंच मागूं लागला. ज्यास तो 'मूळ चाल' म्हणतो, ती पुष्कळदां एके दिवशीं तीन मिनिटांत बसविलेली आवृत्ति असते. दीनानाथांनीं 'मानापमानां'तील कांहीं पदें मूळ चाली बाजूस ठेवून निराळ्या ढंगानें म्हटलीं. तो त्या काळचा बदल आज कित्येकांच्या कानीं 'मूळ' होऊन बसला आहे, हें विसरून चालणार नाहीं!

पाश्चात्त्य देशांतही आज हाच वाद चालू आहे. 1941 सालीं जन्मलेले बॉब डिलन हे गीतकार-गायक 1965 सालीं साधी गिटार सोडून विजेची गिटार घेऊन उभे राहिले, तेव्हां त्यांच्याच चाहत्यांपैकीं कित्येकांनीं त्यांची हुर्यो केली. 1988 पासून त्यांनीं वर्षानुवर्षें गांवोगांवीं कार्यक्रम केले. पण जुनें गाणें जुन्या चालींत क्वचितच. कधीं कधीं दोन ओळी होईपर्यंत तें कोणतें गाणें हेंच श्रोत्यास उमगत नाहीं. 2016 सालीं त्यांस साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें. तरी त्यांच्या मैफलींतून बाहेर पडणाऱ्यांची तक्रार रत्नागिरीच्या श्रोत्याहून निराळी नसते.

तर मग न्याय कोणता? आमच्या मतें श्रोत्याचा पद मागण्याचा हक्क खरा आहे, आणि तो त्यानें सोडूं नये. पूर्वीं तो आरोळीनें बजावला जाई, आतां फर्माइशीच्या चिठ्ठीनें बजावला जातो, एवढेंच. गाजलेलें पद मुद्दाम टाळणारा गायक श्रोत्यांचें कांहींतरी देणें लागतो. परंतु मागण्याचा हक्क पदावर आहे, त्याच्या नकलेवर नाहीं. वय झालें म्हणजे गायकास पट्टी खालीं आणावी लागते, दमसास आंखडतो, तानेची फेंक कमी होते. अशा वेळीं तो शब्दांकडे वळतो, स्वरावर थांबतो, पूर्वीं आवेगांत वाहून गेलेला अर्थ आतां सावकाश उलगडून दाखवितो. तें ऐकावयाचें सोडून आपण मनांतल्या तबकडीशीं त्याची वजाबाकी करीत बसलों, तर हानि गायकाची नव्हे, आपलीच. शिवाय जो समाज आपल्या वृद्ध गायकांकडून केवळ नक्कल मागतो, त्याचे तरुण गायकही नक्कलच शिकतात. आजच्या नाट्यपदांच्या कार्यक्रमांतून जुन्या मुद्रिकेची जागा न् जागा उतरविणारे कंठ पुष्कळ ऐकूं येतात, आणि पद दुसऱ्यानें म्हणतांना त्यांत नवें कांहीं दाखविणारे थोडे, ह्याचें मूळ आम्हां श्रोत्यांच्या मागणींत आहे.

वन्समोअर देणारे आमचे आजे-पणजे ह्या बाबतींत आमच्याहून शहाणे होते. ते पद पुन्हा मागत, तें ह्या वेळीं गायक काय निराळें करतो हें पाहण्यासाठीं. चिठ्ठी पाठवितांना आपणही त्याच उत्सुकतेनें पाठवावी.