ग्लॉस्टरशायरमधील मोंगली वाडा

इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत ओक वृक्षांच्या दाटींतून जाणाऱ्या वाटसरूस एकाएकी तांब्याचा, कांद्याच्या आकाराचा हिरवट घुमट दिसतो. हें सेझिनकोट. बंगालमध्यें कंपनीची चाकरी व सावकारी करून गबर झालेल्या सर चार्ल्स कॉकरेल यांनीं तें १८०५ च्या सुमारास आपले बंधु सॅम्युएल पीप्स कॉकरेल यांजकडून बांधवून घेतलें. ज्या बंगालच्या पैशावर हें घर उभें राहिलें, तेथील रयतेचा मात्र त्याच्या भिंतींवर मागमूसही नाहीं.

नवल हें कीं, या वास्तुशिल्पज्ञानें हिंदुस्थान कधीं पाहिलाच नव्हता. त्याचा आधार चित्रकार टॉमस डॅनियल. तो व त्याचा पुतण्या विल्यम हे १७८६ पासून १७९३ पर्यंत हिंदुस्थानभर हिंडले, आणि परतल्यावर त्यांनीं १४४ चित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांतील मोंगली इमारतींची छाया येथें स्पष्ट दिसते: कोपऱ्यांवर छत्र्या, खिडक्यांवर पाकळीदार कमानी, बाजूस वळत गेलेला, संत्र्यांच्या झाडांसाठीं बांधलेला काचेचा सोपा, आणि भिंतीबाहेर आलेला रुंद छज्जा. आपल्याकडे छज्जा ऊन अडवितो. ग्लॉस्टरशायरच्या मवाळ उन्हाला तो कशास हवा? आणि दार ओलांडून आंत जावें, तों हिंदुस्थान संपलाच! जिना, दालनें, सारें ग्रीक वळणाचें.

बागेंत मात्र खुद्द डॅनियलचा हात आहे. मोंगली वाड्याच्या बागेंत त्यानें सूर्याचें देऊळ बसविलें. हा मेळ त्याच्या यजमानांस खटकला नसावा. ओढ्यावरील पुलावर नंदी आहेत, आणि पुलाचे खांब चक्क घारापुरीच्या लेण्यांतील खांबांवरून घेतलेले आहेत. १७९३ मध्यें चुलते-पुतणे मुंबईस आले, तेव्हां जेम्स वेल्स या चित्रकाराच्या सोबतीनें त्यांनीं हीं लेणीं पाहिलीं. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचीं चित्रें काढणारा तो हाच वेल्स. तो १७९५ मध्यें वारला. वेरूळच्या लेण्यांचीं त्याचीं रेखाटनें पुढें १८०३ मध्यें डॅनियलनेंच प्रसिद्धीस आणलीं.

१८०७ मध्यें इंग्लंडचे युवराज सेझिनकोट पाहून गेले. येथील बागेविषयीं सल्ला देणारा हम्फ्री रेप्टन यानें त्यांच्या ब्रायटन येथील प्रासादासाठीं हिंदुस्थानी धर्तीचा आराखडा केला व १८०८ मध्यें तो छापलाही. परंतु पैशाअभावीं तो कागदावरच राहिला. १८१५ मध्यें तें काम जॉन नॅशकडे गेलें, आणि समुद्रकांठीं उठलेले ते घुमट त्याच्या नांवावर लागले.