रॉथमस्टेड येथील मातीचें दप्तर

जुन्या कागदांच्या संग्राहकांस बाटलींत भरलेली माती दाखविली, तर तिला इतिहासाचें साधन म्हणण्यास ते सहसा धजणार नाहींत. तथापि इंग्लंडांत हर्टफर्डशायर परगण्यांतील रॉथमस्टेड येथें माती, धान्य व खतें यांचा असा संग्रह १८४३ पासून वाढत असून त्यांतील नमुने ३,००,००० वर गेले आहेत. त्याची ओळख वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जॉन बेनेट लॉज यांनीं १८४२ सालीं सुपरफॉस्फेट खताचें पेटंट घेतलें व पुढील सालीं रसायनज्ञ गिल्बर्ट यांच्या साह्यानें ब्रॉडबॉक शेतांत गव्हाचा प्रयोग आरंभिला. एका पट्ट्यास कांहींच नाहीं, एकास दरसाल हेक्टरीं ३५ टन शेणखत, इतरांस निरनिराळीं रासायनिक खतें, असा क्रम ठरला. पहिल्या वर्षांत योजनेंत फेरफार झाले. ती बहुतांशीं स्थिर झाली १८५२ च्या सुमारास. म्हणून आरंभींचे आंकडे जपून वाचावे लागतात.

या दप्तराची साक्ष स्पष्ट आहे. शेणखताच्या पट्ट्यांतील सेंद्रिय द्रव्य बिनखती पट्ट्याच्या दुपटीहून अधिक झालें. ही वाढ प्रथम जलद व मागाहून मंद होती. पिकानें न उचललेलें स्फुरद बव्हंशीं मातींतच सांचलें. नत्राची गोष्ट निराळी. १८४९ सालीं पट्ट्यांखालीं नळ घातले होते. त्यांतील पाणी ऑगस्टस व्होल्कर यांनीं तपासलें, तेव्हां अमोनियाचीं खतें जितकीं अधिक घातलीं, तितकें नत्र अधिक वाहून गेलेलें आढळलें.

आमच्या मतें सर्वांत बोलका पुरावा हूसफील्ड शेतांतील आहे. तेथें जवाच्या एका तुकड्यास १८५२ ते १८७१ अशीं वीस वर्षें शेणखत घालून पुढें तें बंद केलें. शंभरांहून अधिक वर्षें लोटल्यावरही त्या मातींत, कधींच खत न मिळालेल्या शेजारच्या तुकड्याहून, सेंद्रिय द्रव्य जास्त भरलें. खोडलेला मजकूर कागदावर पुसट दिसावा, तसाच हा प्रकार होय.

ऑगस्टस यांचे पुत्र जॉन व्होल्कर १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले. सरपणाच्या अभावीं शेण जाळलें जातें व शेत उपाशी राहतें, यास्तव सरपणासाठीं झाडें लावावीं, असें त्यांनीं १८९३ च्या अहवालांत प्रतिपादिलें.

यांतून आमच्या संशोधकांनीं एक बोध घ्यावा. जमाबंदीच्या कागदांत जमिनीची प्रत अव्वल, दूम, सीम अशी लिहिलेली असते. ती केवळ निसर्गदत्त मानूं नये. मागील पिढ्यांनीं घातलेल्या अथवा चुलींत जाळलेल्या शेणाचा जमाखर्चही तींत असूं शकतो. एकाच गांवाच्या प्रती दोन सालीं भिन्न आढळल्या, तर लेखकाचा प्रमाद ठरविण्यापूर्वीं हें कारण तपासावें, अशी आमची विनंति आहे.