कुन्नूरचा तराजू

एमएस्सीच्या डेझर्टेशनसाठी आहार सर्वेक्षण करताना मी एक घोडचूक केली होती. "वरण किती घेतलंत?" "एक मोठी वाटी." मी 200 ग्रॅम लिहिलं, कोष्टकातल्या तूरडाळीच्या आकड्यांनी गुणलं आणि मोकळी झाले. सादरीकरणाच्या वेळी एका मॅडमनी एवढंच विचारलं, "ही 200 ग्रॅम डाळ कच्ची की शिजलेली?" सगळी तक्ताबंदी पुन्हा करावी लागली.

हा प्रश्न आपल्याकडे कुठून आला, ते बघू. निलगिरीतल्या कुन्नूरला 1918 मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत बेरीबेरीवर काम सुरू केलं. पुढे तिथेच पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. 1920 च्या दशकात त्यांनी उंदरांच्या गटांना वेगवेगळ्या प्रांतांचे आहार देऊन त्यांची वजनं तपासली. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत चांगले वाढले, मद्रासी आहारावरचे सर्वांत कमी. मराठा आहार शीख-पठाणांच्या खालोखाल. (लगेच खूश होऊ नका!) प्रयोग नेटका होता, पण लेबल बघा: 'मराठा आहार' म्हणजे नक्की कुणाचा? कोकणातला भात खाणारा आणि सोलापूरचा भाकरी खाणारा एकाच पिंजऱ्यात?

1935 मध्ये मॅककॅरिसन गेले आणि वॉलेस एक्रॉइड आले. त्यांच्या काळात पिंजऱ्याशेजारचा तराजू लोकांच्या स्वयंपाकघरात पोहोचला. घरोघरी जायचं आणि शिजवण्याआधी धान्य, डाळ, भाजी मोजायची. 1937 मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची त्यांची पुस्तिका निघाली. आरोग्य खात्यातल्या डॉक्टरांसाठी कुन्नूरला पोषणाचे वर्गही सुरू झाले. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की संशोधन शिकवणं म्हणजे आधी मोजायला शिकवणं, हे तिथे गृहीत होतं. आपल्याकडे मात्र पहिल्या सत्रात संख्याशास्त्र येतं, आणि वजनकाटा कपाटात असतो.

ही संस्था 1958 मध्ये हैदराबादला गेली. आज आपण तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतो. रोज तराजू घेऊन घरात बसणं जमेना, तिथे 24 तासांचं स्मरण विचारायची पद्धत आली. पण त्यातही प्रमाणित कपांचा संच न्यायचा असतो, आणि हिशेब कच्च्या वजनावरच येतो. समजा, घरात 200 ग्रॅम डाळीचं 1600 मिली वरण झालं. आजींनी 200 मिली घेतलं, म्हणजे कच्ची डाळ 25 ग्रॅम. तूरडाळीत 100 ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम प्रथिनं धरली, तर आजींना मिळाली साडेपाच ग्रॅम. माझ्या पद्धतीने 44! कागदावर आजी धडधाकट, आणि त्यांना आहारसल्ल्याची गरज नाही असा माझा निष्कर्ष.

सर्वेक्षणाला निघण्याआधी घरातल्या वाट्या पाण्याने भरून मोजून बघा. आमच्या घरी 140 मिलीची निघाली, होस्टेलच्या मेसमधली 90 ची. दोन्हींना आम्ही 'एक वाटी'च म्हणत होतो.