बंब कोणाच्या मालकीचा?

आग लागली की पहिल्याने पाणी आठवते आणि मग बंब. बंब दारात येऊन उभा राहिला म्हणजे तो कोणत्या संस्थेचा, कोणत्या कचेरीत नोंदलेला, हे पाहण्याची सवड कोणालाच नसते. तथापि तो येणार की नाही, आणि आला तर केव्हा, हे पुष्कळ अंशी त्या मालकीवरच ठरलेले असते. म्हणून ह्या काहीशा रुक्ष विषयाचा इतिहास आज आपण थोडक्यात पाहू.

आगीच्या पहारेकऱ्यांना हद्द नेमून देण्याची रीत फार जुनी आहे. इसवी सन ६ मध्ये रोमच्या ऑगस्टस बादशहाने ह्या कामासाठी सात पलटणी उभारल्या. शहराचे भाग चौदा. एकेका पलटणीकडे दोन दोन भाग. पलटणीचा क्रमांक सांगितला की तिची हद्द कळत असे.

आपल्याकडे १८०३ साली मुंबईच्या कोटात मोठी आग लागली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घोड्यांनी ओढायचे बंब पोलिसांच्या देखरेखीखाली आले. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने अग्निशमन दल राखणे हे पालिकेचे आवश्यक कर्तव्य ठरविले. १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या स्फोटात जे ६६ अग्निशामक जवान कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस सर्व देशात पाळला जातो. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने लहान नगरांवरही आग विझविण्याचे कर्तव्य घातले. अशा रीतीने महाराष्ट्रात बंब हा नगराचा झाला.

मराठवाड्याची गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. तामलवाडी आज सोलापूर-तुळजापूर हमरस्त्यावर आहे. १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या राज्यात होते, तर जवळचे सोलापूर मुंबई प्रांतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. तेलंगण आंध्र प्रदेशात गेला. तेथे अग्निशमन हे राज्याचेच खाते झाले. कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. तेथे १९६४ च्या कायद्याने राज्याचे अग्निशमन दल उभे राहिले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि येथे बंब नगरपालिकांकडे राहिला. एकाच जुन्या राज्याच्या तीन भावंडांत दोघांचे बंब सरकारी, तिसऱ्याचे नगराचे!

ह्याचा परिणाम बंबाच्या पाटीवरही दिसतो. धाराशिव जिल्ह्यातील वाहनावर एम. एच. २५, सोलापूरच्या वाहनावर एम. एच. १३. मोटार कायद्याच्या दृष्टीने ही केवळ नोंदणी आहे. अग्निशमनाच्या वाहनाला परवानाही लागत नाही, ते राज्यभर फिरू शकते. अडचण आहे ती मालकीची. आपला एकुलता बंब हद्दीबाहेर पाठवावा आणि मागे नगरातच आग लागावी, ही धास्ती कोणत्याही नगरपरिषदेला वाटणारच. तिला दोष देता येत नाही.

राज्यघटनेतही हाच भेद उमटला आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नगरांचा सातवा विषय आहे. ग्रामपंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत अग्निशमन नाही. पोलीस खाते राज्याचे, म्हणून तामलवाडीसारख्या गावी पोलीस ठाणे असू शकते. बंब नगराचा, म्हणून तो नगरातच राहतो.

केंद्रीय स्थायी अग्निशमन सल्लागार समितीच्या मानकाप्रमाणे ग्रामीण भागात बंब वीस मिनिटांत पोहोचावा. तामलवाडीपासून तुळजापूर काय नि सोलापूर काय, दोन्ही वीस-पंचवीस किलोमीटरच्या घरात. पाण्याने भरलेली जड गाडी ताशी पंचेचाळीस किलोमीटरने धावली तरी अर्ध्या तासाच्या आसपास लागणार. तेवढ्या वेळात कडब्याची गंज राहत नाही, आणि गोठा शेजारी असला तर दावणीची जनावरेही वाचत नाहीत. ज्याच्या घरात वर्षाची वैरण जळाली, त्याला ह्या हिशेबाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मग उपाय कोणता? राज्य अगदीच हात बांधून बसलेले नाही. २००६ चा अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. राज्याला अग्निशमन सेवेचे संचालक आहेत. केंद्रानेही २०२३ साली राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. विचार करण्याजोगी एक पद्धत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याची आहे. तेथे राज्य स्वतः बंब विकत घेते आणि स्थानिक दलांकडे ठेवावयास देते. एरवी ते दल तो वापरते. परंतु दुसरीकडून हाक आली की तो सोडावा लागतो. त्यावर क्रमांक असतो तो राज्याच्या मालिकेतला. बंबाची निगा गावाच्या हाती राहते, आणि तो कोठे धाडावा ह्याचा शेवटचा शब्द राज्याचा असतो.

असा एखादा बंब हमरस्त्यावरील मोठ्या गावी ठेवता येईल. नेमणूक करताना जिल्ह्याची रेषा न पाहता रस्त्याचे अंतर पाहावे, एवढेच मागणे आहे. ते होईपर्यंत ग्रामसभांनी तुळजापूर आणि सोलापूर दोन्हीकडे लेखी विचारून ठेवावे की १०१ क्रमांकावर आमची हाक आली तर प्रथम कोणाचा बंब निघेल. हे उत्तर आग लागण्यापूर्वी पंचायतीच्या फळ्यावर लिहिलेले असावे.